खरेदीदाराची प्रश्नावली, बेदाण्याचं शेड आणि उसाचा फड

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी तासगाव तालुक्यातला. बेदाणा निर्यातीचा छोटा व्यवसाय सुरू करून दोन हंगाम झाले. घरचा ऊस कारखान्याला जातो. जर्मनीच्या खरेदीदाराने या वेळी दराबरोबर एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. कामगार कुठून येतात, त्यांना उचल दिली जाते का, लहान मुलं कामावर असतात का, बायकांना समान मजुरी मिळते का, असं बरंच काही त्यात विचारलंय. दर मात्र गेल्या वर्षीपेक्षा कमीच सांगितला. मानवाधिकारांचं नाव घेऊन आपला व्यापार अडवायचा हा डाव आहे का? आणि एकंदरीत या जागतिक व्यापाराने सांगली-साताऱ्याचं भलं झालं की नुकसान? प्रश्नावली कशी भरू, तेही सांगा."

सांगलीच्या मार्केट यार्डात मी अनेक वर्षं निर्यातीची कागदपत्रं आणि शेड-पॅकहाउसच्या तपासण्यांची तयारी करून देण्याचं काम करतो. द्राक्ष, बेदाणा, हळद हा माझा रोजचा माल. साखरेशी संबंध अधूनमधून येतो, पण या भागात राहून साखरेपासून लांब राहता येत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की हा डाव नाही. तुमची तक्रार मात्र खरी आहे. अट युरोपातून निघाली की निर्यातदार, शेडवाला, मुकादम असं करत शेवटच्या मजुरापर्यंत पोचते. ती पाळायला लागणारा पैसा मात्र वरच अडकून राहतो. अट आणि पैसा एकत्र खाली आले तर काय होतं, हे आपल्या द्राक्षाने दाखवलंय. एकटी अट आली तर काय होतं, ते उसाच्या फडात दिसतं. पुढचं सगळं उत्तर मी याच फरकावर देणार आहे.

आधी ही प्रश्नावली आली कुठून ते पाहू. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडसाठी कपडे शिवणारे ११३४ कामगार त्यात गेले. त्याआधी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने व्यवसाय आणि मानवाधिकार यांची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली होती, पण ती ऐच्छिक होती. राणा प्लाझानंतर युरोपात कायद्याची मागणी वाढली. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला. जर्मनीने २०२१ मध्ये पुरवठा साखळीचा कायदा संमत केला. तो १ जानेवारी २०२३ पासून ३००० कर्मचाऱ्यांवरच्या आणि २०२४ पासून १००० कर्मचाऱ्यांवरच्या कंपन्यांना लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आपला कायदा केला. पुढच्याच वर्षी तो लांबणीवर टाकून सौम्य करायला घेतला, हे खरं. पण सक्तीच्या श्रमातून तयार झालेला माल युरोपच्या बाजारात येऊ द्यायचा नाही, असा वेगळा नियमही २०२४ मध्येच मंजूर झाला आणि तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. म्हणजे तुमच्या खरेदीदाराचं हे एका हंगामाचं खूळ नव्हे.

'व्यापार अडवायचा डाव' ही शंका तुमच्या एकट्याची नाही. भारत सरकारची अधिकृत भूमिकाही तीच राहिली आहे. १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद सिंगापूरला झाली. कामगार हक्कांच्या अटी व्यापार करारात घालाव्यात असा श्रीमंत देशांचा आग्रह होता. भारताने आणि इतर विकसनशील देशांनी त्याला जोरदार विरोध केला. कामगारांचा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आहे, व्यापाराच्या टेबलावर तो नको, असं शेवटी ठरलं. त्या वेळी ते बरोबर वाटलं, आणि अनेक अर्थांनी होतंही. पण परिणाम काय झाला? व्यापार संघटनेत अट आली असती, तर ती काय असावी यावर भारताचा आवाज चालला असता, वाद घालायला व्यासपीठ मिळालं असतं. अट आली ती खासगी खरेदी करारातून. तिथे तुमच्यासमोर एक जर्मन कंपनी आणि तिचा वकील असतो, भारत सरकारला खुर्चीच नसते. माझ्या मते ही आपली मोठी चूक झाली. आता सरकारचीही भूमिका बदलतेय. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात कामगारांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

आता द्राक्षाकडे येतो, कारण तुमचा बेदाणा त्याचाच भाऊबंद. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षाच्या नमुन्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. शेतकरी त्याला सीसीसी किंवा लिओसिन म्हणतात. खरड छाटणीनंतर वाढ आवरायला आणि काडीत घड धरायला ते वर्षानुवर्षं वापरलं जायचं. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षात ५० मिलिग्रॅम. आपल्या त्या वर्षीच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. भरलेले कंटेनर बंदरात अडकले, माल पडून राहिला, निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि त्यांनी ते शेतकऱ्यांचे बुडवले. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागात त्या वर्षी फार वाईट दिवस आले. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, की युरोपवाल्यांनी मुद्दाम अडवलं.

पण नंतर काय झालं ते बघा. अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची, ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षाचा माग ठेवणारी यंत्रणा होतीच, ती अधिक कडक झाली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, तिचा क्रमांक, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउसमधल्या पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसायनांची यादी आणि काढणीपूर्व कालावधी ठरवून दिला. पळूस-खानापूरकडच्या सातवी शिकलेल्या शेतकऱ्यालाही आज कोणत्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी किती हे तोंडपाठ असतं. हे घडण्याचं कारण सरळ आहे. निर्यातीच्या द्राक्षाला स्थानिक बाजारापेक्षा चांगला दर होता आणि तो बागायतदारापर्यंत पोचत होता. नियम पाळला तर खिशात चार पैसे जास्त येतात, हे त्याला त्याच हंगामात दिसत होतं. शिवाय तपासणीची यंत्रणा सरकारने उभी केली होती. एकेका शेतकऱ्यावर तो भार टाकलेला नव्हता.

या यशातही एक भोक राहिलं. सगळी मोजमापं फळाची झाली, फळ हाताळणाऱ्या माणसाची झाली नाहीत. तुमच्याच शेडचं उदाहरण घ्या. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. सुक्या द्राक्षात सल्फर डायऑक्साइड किती असावा याला युरोपात मर्यादा आहे, किलोला २००० मिलिग्रॅम. ती तुम्ही प्रयोगशाळेतून तपासून घेता, अहवाल जोडता. धुरीची खोली उघडणाऱ्या माणसाच्या छातीत किती गंधक जातं, हे कुठल्या अहवालात आहे? शेजारी निवडणीला बसलेल्या बायका आठ-नऊ तास उकिडव्या बसून काड्या काढतात, त्यांच्या डोळ्यांची आणि घशाची जळजळ कुणी लिहून ठेवली आहे? प्रश्नावलीतला एक भाग हेच विचारतो. तो मला परका वाटत नाही. आपणच फार आधी विचारायला हवा होता.

साखरेचं गणित यापेक्षा खूप गुंतागुंतीचं आहे, आणि तुमचा 'भलं की नुकसान' हा प्रश्न तिथेच खरा कसाला लागतो.

सांगली-सातारा भागात कृष्णा-वारणेच्या काठी उसाची पट्टी आहे. कारखान्यांनी इथे शाळा, कॉलेजं, दवाखाने, पाणीपुरवठा योजना उभ्या केल्या. देशात साखर जास्त झाली की निर्यातीने कारखान्यांचा श्वास मोकळा होतो. २०२१-२२ च्या हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली, आजवरची सर्वाधिक. इंडोनेशिया, बांगलादेश, आखाती देशांतल्या रिफायनऱ्या, आफ्रिका अशी ती गेली. त्या वर्षी बिलं वेळेवर निघाली, याची आठवण तुमच्या घरीही असेल. मग जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले, २०२२-२३ ला सुमारे ६० लाख टनांचा कोटा मिळाला आणि २०२३-२४ ला निर्यात जवळपास बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. जगाच्या बाजारात दर चढलेला असताना दार बंद आणि दर उतरल्यावर दार किलकिलं, असा प्रकार अनेकदा झाला. इथल्या शेतकऱ्याचं यात जे नुकसान झालं, ते दिल्लीच्या निर्णयांनी झालं. ते जागतिक व्यापाराच्या खात्यावर मांडू नये.

जागतिक व्यापाराच्या खात्यावर मांडायचं ते वेगळं आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. मुद्दे दोन. एक, उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर, ठरवून भारत परवानगीपेक्षा जास्त आधार देतो. दोन, साखर निर्यातीला अनुदान देतो. २०१९-२० साठी ६० लाख टनांवर टनाला १०,४४८ रुपये असं अनुदान केंद्राने जाहीर केलंच होतं. भारताचं म्हणणं होतं की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, मग तो सरकारी आधार कसा? डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा मंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. सरकारने दर बांधून दिला की पैसे कुणीही देवोत, तो आधारच, असं मंडळ म्हणालं. त्यातलं शेतकऱ्याला न सांगितलं जाणारं कलम असं आहे: आधार मोजताना आजचा बांधलेला दर १९८६ ते ८८ च्या जागतिक दराशी ताडला जातो. जवळपास चाळीस वर्षांपूर्वीच्या दराशी तुलना केली की कुठलाही दर 'अवाढव्य आधार' दिसणारच. विकसित देशांनी आपले आकडे सोयीच्या रकान्यांत आधीच बसवून घेतले होते. हा नियम अन्यायाचा आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. त्यामुळे निर्णय लटकला आहे आणि भारतावर तूर्त बंधन नाही. पण नियमच लटकले की बलवान देश मनाला येईल ते आयातशुल्क लावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, ते आपण पाहिलंच. छोट्या निर्यातदाराला वाकडा नियमही 'बळी तो कान पिळी'पेक्षा बरा असतो.

ब्राझीलवर राग धरण्याआधी एक लक्षात घ्या. २००५ मध्ये याच ब्राझीलने ऑस्ट्रेलिया आणि थायलंडला घेऊन युरोपीय संघाविरुद्धही साखरेचा खटला जिंकला होता. युरोपला आपल्या बीटच्या साखरेवरचं अनुदान आटवावं लागलं. त्याचा भारताला थोडा फायदा झाला. पण युरोपला सवलतीत साखर विकणाऱ्या फिजी, मॉरिशससारख्या बेटांना तडाखा बसला. एकाच निर्णयात एकाचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान असतं. म्हणून 'जागतिक व्यापाराने भलं केलं का' असं विचारून हाती काही लागत नाही. साखळीतल्या कोणत्या माणसाचं, हे विचारावं लागतं.

आपल्याकडच्या साखळीच्या तळाशी ऊसतोड कामगार आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल देतो, कुणाला लग्नासाठी, कुणाला दवाखान्यासाठी. हंगामभर तोडून ती फेडायची. पहाटे फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, ट्रॅक्टर रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरणी. राहायला कारखान्याच्या किंवा गावाच्या कडेला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. एक दिवस आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपताना हिशेब होतो. फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावं लागतं.

या कामातल्या बायकांचं काय झालं, ते २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत आलं. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा जणींमागे एक. बऱ्याच जणी तरुण होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, कोपीजवळ संडास नाही, पाणी नाही, जंतुसंसर्ग होतो, खासगी डॉक्टर पिशवी काढायला सांगतो आणि त्या ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. हा आकडा वाचून मी अनेक दिवस अस्वस्थ होतो, कारण यातल्या कितीतरी जणी आपल्याच शिवारात ऊस तोडून गेल्या असणार. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्राने महाराष्ट्रातली साखर आणि शीतपेयांच्या बड्या कंपन्यांचा संबंध दाखवला, तेव्हा इकडे 'बदनामीचा कट' म्हणून ओरड झाली. आपल्या समितीचा अहवाल मात्र पाच वर्षं आधीच सरकारकडे होता.

म्हणून मी ठामपणे सांगतो, सक्तीच्या श्रमाबद्दलची अट आपल्याला परकी नाही. राज्यघटनेचं कलम २३ सक्तीची मजुरी मना करतं. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा तर उचलीबद्दलच बोलतो: घेतलेल्या पेशगीपायी माणसाचं दुसरीकडे काम करायचं किंवा कुठेही जायचं स्वातंत्र्य गेलं, तर ती वेठबिगारी. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा झाला, तो फक्त राज्याबाहेरून येणाऱ्यांसाठी. बीडचा माणूस वाळव्यात आला तर तो त्याच राज्यातला, म्हणून त्या संरक्षणातून सुटला. बीड ते सांगली अंतर कितीही असो, कायद्याच्या नजरेत तो घरीच आहे.

शेतकऱ्याला दोष देऊन इथे सुटका नाही, हे तुम्ही उसाच्या घरातले म्हणून तुम्हाला कळेल. एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते. तोडणी-वाहतूक खर्च त्यातून वजा होतो. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये जाहीर झाले, त्यातूनच कोयत्याची मजुरी, मुकादमाचं कमिशन आणि गाडीचं भाडं जातं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती वाढ न्याय्य होती, पण ती न्यूयॉर्क-लंडनच्या साखर बाजारातून आली नाही. ती तुमच्या वडिलांच्या बिलातून आली. त्यावर तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला आणि ड्रायव्हरला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, वेगळीच. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि नंतर कितीतरी वर्षं तिथेच राहिला. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. कारखाना म्हणतो मला परवडत नाही, शेतकरी म्हणतो मला उरत नाही, वाहतूकदार म्हणतो मुकादम उचल घेऊन पळाला आणि माझी जमीन गहाण आहे. तिघंही खरं बोलतात. तळातल्या दोघांना, म्हणजे शेतकऱ्याला आणि तोडकऱ्याला, एकमेकांच्या ताटातलं ओढायला लावणारी ही रचना आहे. साखर खाणारा आणि तिचं पेय करून विकणारा या भांडणात कुठेच दिसत नाही.

द्राक्षाला जमलं ते साखरेला का जमत नाही, याचं कारणही यात आहे. द्राक्षाच्या पेटीवर बागेचा क्रमांक असतो. साखरेचं तसं होत नाही. शेकडो फडांतला ऊस एका गव्हाणीत पडतो, कच्ची साखर जहाजात सुटी भरली जाते, परदेशातल्या रिफायनरीत दहा देशांच्या साखरेत मिसळते. कुठल्या कोपीतल्या बाईने कुठली मोळी बांधली, याचा माग तिथे संपतो. माग नाही म्हणून जास्तीचा दर नाही, दर नाही म्हणून सुधारणेला पैसा नाही. उसासाठी बॉन्सुक्रोसारखी प्रमाणपत्रं आहेत. ती कारखान्यापाशी थांबली आणि फडापर्यंत, मुकादमाच्या वहीपर्यंत गेली नाहीत, तर त्यांचा कामगाराला उपयोग नाही. तारीख आधी कळवून होणारी तपासणी आणि मुकादमासमोर विचारलेले प्रश्न यांतून खरं काही बाहेर येत नाही. हे मी तपासण्यांच्या जवळ राहून सांगतोय.

'परदेशी खरेदीदारांनी अशी साखर घेणंच बंद करावं' असंही काही चांगली माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. खरेदीदार निघून गेला तर टोळी उपाशी राहते आणि कारखाना हार्वेस्टर आणतो. यंत्रं सांगली-साताऱ्यात तशीही वाढत आहेत. खरेदीदाराने राहावं, जास्त दर द्यावा आणि त्या पैशाचा हिशेब मागावा. संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांतही सुधारणेचा प्रयत्न आधी आणि संबंध तोडणं शेवटी, असाच क्रम आहे.

आता तुमची प्रश्नावली.

पहिली गोष्ट, खोटं लिहू नका. 'आमच्याकडे स्थलांतरित मजूर नाहीत' असं अनेकजण छापील उत्तर टाकतात. विरळणीला आणि शेडवर बाहेरची माणसं असतात, हे खरेदीदारांना माहीत आहे. तुमचं एक उत्तर खोटं निघालं की प्रयोगशाळेच्या खऱ्या अहवालावरही त्यांचा विश्वास राहत नाही. आहे ते लिहा आणि त्यापुढे कधीपर्यंत काय बदलणार ते लिहा. जर्मन कायद्यात निर्दोष असण्याची अपेक्षा नाही. धोका ओळखला का आणि तो कमी करायला काय केलं, हे पाहिलं जातं.

शेडपुरतं बोलायचं तर हजेरी आणि मजुरीचं रजिस्टर बाई-पुरुष वेगळं दिसेल असं ठेवा, आणि एकाच कामाला एकच दर ठेवा. पैसे मजुराच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. बाईचे तिच्या खात्यात, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नाही. उचल दिली असेल तर रक्कम, तारीख आणि फेड त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून एक प्रत त्यांच्या हातात द्या. काम सोडून जायचं असेल तर जाता येईल, उरलेली रक्कम सवडीने फेडता येईल, हेही त्यात लिहा. उचलीला वेठीपासून वेगळं करणारी ओळ हीच आहे. धुरीच्या खोलीला वारं खेळेल अशी सोय आणि काम करणाऱ्याला योग्य मास्क द्या. निवडणीसाठी बसायला उंच पाट किंवा टेबल, दार लागणारा संडास आणि पाणी द्या. लहान मुलं आईबरोबर आली तर त्यांना बसवायला सावलीची खोली आणि एक सांभाळणारी बाई ठेवा. यातल्या बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागतो तो लिहून काढा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. खरेदीदाराला उलट प्रश्न विचारा. जर्मन कायद्यात कंपनीने स्वतःच्या खरेदीच्या पद्धतीही तपासायच्या आहेत. दर इतका खाली पाडणं, ऐनवेळी ऑर्डर बदलणं, पैसे चार महिने लांबवणं यांनी पुरवठादाराला मजुरी देणंच अशक्य होत असेल, तर तो धोका कंपनीने निर्माण केलेला असतो. हा कायदा राबवणारं जर्मन कार्यालय बाफा. त्याने कंपन्यांना २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आपली सगळी जबाबदारी सरसकट पुरवठादाराच्या गळ्यात बांधून चालणार नाही. सरसकट हमीपत्रावर सही मागितली असेल तर हा आधार देऊन नम्रपणे नकार द्या. 'माझ्या शेडमध्ये जे माझ्या हातात आहे त्याची हमी देतो' एवढंच लिहा. कायद्यानुसार कंपनीला तक्रारीची सोय ठेवावी लागते आणि ती साखळीतल्या कुणालाही वापरता यायला हवी. तिचा पत्ता मागून घ्या, मराठीत लिहून शेडच्या भिंतीवर लावा. यात तुमचं नुकसान नाही. कामगार खुलेपणाने बोलू शकतो असा मालक आहे, हे खरेदीदाराला दिसतं.

दराच्या उत्तरात किलोमागे मजुरीचा आणि सुधारणेचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. द्राक्षाच्या निर्यातदारांनी प्रयोगशाळेचा खर्च असाच वेगळा दाखवायला सुरुवात केली होती, आणि कालांतराने तो दरात धरला जाऊ लागला. पहिल्या वर्षी कदाचित कुणी मान्य करणार नाही. तरी ओळ लिहा. एकट्याने लिहिली तर तुमचा माल महाग ठरेल, म्हणून तासगाव-सांगलीतल्या चार-पाच बेदाणा निर्यातदारांनी मिळून एकच नमुना वापरला तर बरं. मला जमेल तेवढी मदत मी करीन.

घरच्या उसाबद्दल तुमच्या हातात फार नाही, पण अगदीच काही नाही असंही नाही. तुम्ही सभासद आहात. वार्षिक सभेत तोडणी-वाहतूक कराराची प्रत मागा. कोपीच्या जागी पाणी, वीज, संडास यांवर किती खर्च झाला ते विचारा. तोडणी मजुरी थेट कोयत्याच्या दोघांच्या खात्यांत जावी असा ठराव मांडा. टोळी तुमच्या शेतात आली की त्या बायकांना विहिरीवर किंवा घरच्या न्हाणीत जायची मुभा द्या. ही गोष्ट कुठल्याच प्रश्नावलीत नाही, तरी ती आधी करा. प्रश्नावलीचं उत्तर पाठवण्याआधी मसुदा मला दाखवा, विशेषतः उचलीचा आणि हमीपत्राचा भाग.